नखांतला निळा

"हात सैल सोडा म्हटलं ना. मी घासतेय अन् तुम्ही ताठ धरताय. आयुष्यभर रंगात बुडवताना या हातांना कुणी विचारलं नाही, अन् आता ब्रश लागला तर आई गं."

"अगं, नख आहे ते. कापड नाही."

"कापड असतं तर केव्हाच पांढरं करून घडी घातली असती. कापड कुरकुर करत नाही."

पडद्याच्या अलीकडे थोरली उभी होती. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात धुतलेल्या कपड्यांची पिशवी. पडदा सारायला हात मोकळा नव्हता, आणि असता तरी तिनं तो लगेच सारला नसता. इस्पितळातल्या पडद्यानं माणूस तेवढा दिसत नाही, बाकी सगळं आरपार ऐकू येतं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मघापासून ते ऐकून गालातल्या गालात हसत होता. थोरलीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं डोळे मिटून घेतले.

मग ती खाकरली. परक्याच्या घरात शिरताना खाकरतात तशी. आपल्याच बापाच्या खाटेशी जाताना आपल्याला खाकरावं लागतं, हे ध्यानात आलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आत मास्तर पाय खाली सोडून खाटेवर बसले होते. पुढ्यात स्टुलावर स्टीलचं भांडं, त्यात साबणाचं पाणी, आणि पाण्यात मास्तरांचे दोन्ही हात. समोर घडीवाली बसली होती, जुना दात घासायचा ब्रश घेऊन.

"हे काय चाललंय?"

"नखं," मास्तर म्हणाले. भिंतीवर रेघोट्या मारताना पकडलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला.

"सिस्टर सांगून गेल्यात," घडीवाली मान वर न करता म्हणाली. "बोटाला तो चिमटा लावतात ना, श्वासाचं बघायला. निळ्या नखातून त्याला दिसत नाही म्हणे. उद्या सकाळी एखादं बोट तरी स्वच्छ पाहिजे."

"मग एकच घासा. दहाही कशाला?"

"एक पांढरं अन् नऊ निळी? बरं दिसेल का ते?"

"ऑपरेशनच्या खोलीत बघायला कोण बसलंय?"

"बाहेर आल्यावर मी बघणार आहे की," घडीवाली म्हणाली आणि तिनं पुढचं बोट धरलं.

मास्तर एका कापड कारखान्यात रंगखात्याचे मास्तर होते. साठीला अजून थोडा अवकाश होता. नोकरीला लागले तेव्हा ढवळ्या होते, म्हणजे कढईतलं कापड काठीनं ढवळणारे. पुढे नजरेच्या जोरावर मास्तर झाले. ओल्या कापडाकडे बघून वाळल्यावर ते कसं दिसेल हे त्यांना कळायचं. याखेरीज त्यांच्यात काही विशेष होतं असं कुणी म्हणणार नाही. दारू नाही, मित्र बेताचे, बोलणं त्याहून बेताचं. विडी मात्र होती. खोकल्यानं सुटली, पण फार उशिरा.

घडीवाली त्याच कारखान्यात घडी विभागात. रंगून, वाळून, इस्त्री होऊन आलेल्या कापडाच्या घड्या घालायच्या आणि त्यावर चिठ्ठी लावायची, हे तिचं काम. लग्न राहून गेलेली, चाळिशी ओलांडलेली बाई. मुलांची आई गेल्यावर काही वर्षांनी मास्तरांनी एका सोमवारी दोन साक्षीदार नेऊन तिच्याशी लग्न केलं आणि मंगळवारी मुलांना कळवलं. धाकटा तेव्हा फोनवर म्हणाला होता, "ताई, बाबांनी घडीवाली केली." नाव चिकटलं ते चिकटलंच.

तोंडावर अर्थात कुणी तिला घडीवाली म्हणत नसे. तोंडावर तिला काहीच म्हणत नसत. आई म्हणणं शक्यच नव्हतं, मावशी म्हणावं तर आईची बहीण ठरते, काकू म्हणावं तर नातं भलतीकडेच जातं. तीन वर्षं थोरलीनं 'अहो'वर काढली होती. अहो हा शब्द मोठा सोयीचा. नवऱ्यालाही चालतो, पोस्टमनलाही चालतो, आणि बापानं आणून बसवलेल्या बाईलाही. थोरली पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे बसायची. काचेतल्या त्या अर्धगोल भोकातून दिवसभर 'अहो, ते इथं नाही' हेच तर ती लोकांना सांगत असे.

"कानामागून आली अन् तिखट झाली," असं ती घरी नवऱ्याला म्हणायची. नवरा म्हणायचा, "झाली तर झाली. तुझे बाबा जेवतायत ना वेळेवर?" नवऱ्यांना काही कळत नाही.

आई होती तेव्हाचं घर वेगळं होतं. मोरीत दोन साबण, दोन बादल्या. दारामागे दोन टॉवेल, त्यातला एक बाबांचा, ज्याचा मूळ रंग कुणालाच माहीत नव्हता. बाबा कामावरून आले की दोन्ही पोरं त्यांची नखं बघून ओरडायची, "आज हिरवा," "आज जांभळा." जो बरोबर ओळखेल त्याला गोळी. पण हा खेळ लांबूनच खेळायचा. चांगल्या कपड्यांत बाबांच्या अंगाशी जायचं नाही, अशी आईची ताकीद होती. रस्ता ओलांडताना थोरली बाबांचा हात धरत नसे, बाही धरत असे. आईची खाटही वेगळी, खिडकीपाशी. रंगाच्या वासानं तिचं डोकं उठायचं. आईचं चुकत होतं असंही नाही. ज्याला धुवावं लागतं, तोच डागाला भितो.

रंगखात्यात एक जुना विनोद होता. कुठला रंग चाललाय ते साहेबाला विचारू नका, मुतारीत बघा. इतकी वर्षं ती वाफ नाकातोंडात गेली की माणूस आतूनही रंगतो, असं तिथले सगळे मानायचे, आणि कधीमधी खरंच काहीतरी रंगीत दिसायचंही. त्यामुळे मागच्या वर्षी मास्तरांना तांबडं दिसलं तेव्हा ते मुळीच घाबरले नाहीत. एका रविवारी थोरलीच्या घरी जेवताना त्यांनी ते गंमत म्हणून सांगितलं. "सध्या डाळिंबी चाललाय. आतपर्यंत उतरलाय बघा." धाकटा म्हणाला, "पक्का रंग दिसतोय." थोरलीला हसता हसता ठसका लागला. पोरपणीचा खेळ इतक्या वर्षांनी पुन्हा जेवणावर आला, याचंच तिला बरं वाटलं होतं. घडीवाली त्या दिवशी आली नव्हती. तिला बोलावलंच नव्हतं.

तिला कळलं ते महिन्याभरानं, मोरीत. मास्तरांनी तिलाही तोच विनोद सांगितला. ती हसली नाही.

"डाळिंबी? डाळिंबीचा शेवटचा तागा मी स्वतः घडी घालून पाठवलाय. पंधरवडा होऊन गेला. खात्यात सध्या निळा आहे."

"अगं, आधीचा राहिला असेल अंगात."

"असं होय? मग आता निळं दाखवा."

दुसऱ्या दिवशी मास्तरांना तिनं दवाखान्यात ओढत नेलं. तिथून तपासण्या, दुर्बीण, तुकडा काढून पाठवणं, मग सलाईनमधून महिनोन्‌महिने औषधं, मधल्या दिवसांत मास्तर कामावर. सगळीकडे तीच बरोबर. आता ऑपरेशनसाठी धाकट्यानं ओळख काढून या मोठ्या इस्पितळात आणलं होतं, आणि आणल्यापासून सगळी सूत्रं आपल्या हातात घेतली होती.

बापाचा आजार तिनं ओळखला म्हणून तिचा राग करता येत नाही. आणि राग तर येतोच. थोरलीची गेलं वर्षभर ही कोंडी झाली होती.

*

नखांचं चाललं होतं त्याच दिवशी दुपारी डॉक्टरबाई येऊन गेल्या होत्या. उद्याचं ऑपरेशन त्याच करणार होत्या. बारीक चणीच्या, चष्मा कपाळावर, आणि बोलणं असं की वाक्यात एक शब्द फालतू नाही. त्यांनी एका कागदावर पेनानं चित्र काढलं.

"ही लघवीची पिशवी. गाठ हिच्यात आहे. ही काढायची. खाली ही ग्रंथी, तीही काढायची. मग आतड्याचा तुकडा घेऊन आतच नवी पिशवी शिवून देईन."

"रोबोट करणार ना?" धाकट्यानं विचारलं. रोबोटचं त्यानं ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं होतं, नवी गाडी घेतल्यासारखं.

"मी करणार. हात रोबोटचे. चालवणारी मी."

मास्तरांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "मशीन माल बिघडवत नाही, मशीनवरचा माणूस बिघडवतो. मशीनवर तुम्हीच ना, शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मग माझं काही म्हणणं नाही."

"माझं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्या चित्राच्या दोन्ही अंगांना त्यांनी दोन बारीक रेघा ओढल्या. "या नसा. केसासारख्या असतात, ग्रंथीला दोन्हीकडून चिकटलेल्या. सरसकट काढलं तर त्यांच्यासकट निघतं. जपून सोडवल्या तर मागे राहतात. यंत्रातून मला सगळं मोठं दिसतं, म्हणून ते जमू शकतं. तुमची गाठ त्या बाजूला नाही, म्हणून विचारतेय. नसा राहिल्या तर लघवीवरचा ताबा लवकर येतो, आणि शरीरसंबंधाची ताकद टिकण्याची शक्यता असते. शक्यता म्हणतेय, हमी देत नाही. आत गेल्यावर जराशी जरी शंका आली तर मी नसा बघणार नाही, जीव बघणार. पण शंका नसेल तर काय करू, ते तुम्ही मला सांगायचं."

धाकटा फोनकडे बघू लागला. फोन बंद होता. मास्तर आपल्या पायाच्या अंगठ्यांकडे बघत होते. घडीवालीनं पायथ्याची चादर घेतली, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"बाकीचे जरा बाहेर थांबता का?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आम्ही घरचेच आहोत," थोरली म्हणाली.

"म्हणूनच म्हणतेय."

कुणी जागचं हललं नाही. मग थोरलीनं तिचा तो खिडकीतला आवाज काढला. "त्याची काही गरज नाही. या वयात कशाला? सगळं काढून टाका. मागे काही राहायला नको."

"बरोबर," धाकटा म्हणाला. "जीव वाचला म्हणजे झालं. बाकीचं काय आता."

"मी यांना विचारलंय."

मास्तर अंगठ्यांनाच म्हणाले, "मुलं म्हणतात तसं."

"मुलांचा यात काय संबंध?"

डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं. "उद्या सकाळी आत घेण्याआधी मी पुन्हा एकदा विचारीन." जाता जाता त्या चादरीपाशी थांबल्या. "आणि तुम्ही कोण?"

घडीवालीनं तोंड उघडलं. तेवढ्यात धाकटाच बोलून गेला, "त्या घरीच असतात. बाबांचं सगळं बघतात."

मास्तरांनी मान वर केली. त्यांचे ओठ हललेही असतील. मग मान परत खाली गेली.

"हो," घडीवाली म्हणाली. "बघते मी."

*

संध्याकाळी नखं घासून झाल्यावर घडीवाली भांडं रिकामं करायला बाहेर गेली. थोरली मागोमाग गेली, थर्मास विसळायचं निमित्त करून. कॉरिडॉरच्या टोकाला बेसिन होतं. एका नळाला पाणी, दुसऱ्याला चिकटपट्टी.

"आधी मी ओतते, मग तुम्ही विसळा," घडीवाली म्हणाली. "रंग लागेल थर्मासला."

तिनं भांडं तिरकं केलं. पांढऱ्या बेसिनमध्ये फिकट निळं पाणी गोल फिरत भोकाकडे गेलं. दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"दुपारी तुम्ही काही बोलला नाहीत," थोरली म्हणाली.

"काय बोलायला हवं होतं?"

"काही नाही. बरंच केलंत."

घडीवालीनं ब्रश झटकला. "ताई, मी बोलले असते तर तुम्ही गावभर केलं असतं, की बापाच्या जिवावर बेतलंय अन् बाईला भलतंच सुचतंय. मास्तर बोलले असते तर तुम्हीच म्हणाला असतात, म्हाताऱ्याला चळ लागला. म्हणजे ते माझ्या तोंडून येणार नाही अन् त्यांच्याही नाही. दोन्ही दारं तुम्ही बाहेरून लावून घेतलीत. वर विचारताय, आतले बोलले का नाहीत."

"मी जिवाचा विचार केला. कुणीतरी करायला हवा ना."

"मला काय, ते हार घातलेल्या फोटोत हवेत? जिवाचाच विचार केला म्हणून तर त्यांना धरून डॉक्टरकडे नेलं. तेव्हा..."

पुढचं वाक्य तिनं गिळलं. तेव्हा तुम्ही सगळे हसत होता, एवढंच असणार ते. ते तिनं उच्चारलं नाही, पण थोरलीला स्पष्ट ऐकू आलं, आणि उच्चारलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं. तोंडावर फेकलेलं वाक्य निदान परत फेकता येतं.

"आवाज कमी करा," थोरली म्हणाली. "लोक झोपलेत."

"दिवेलागणीला कुणी झोपत नाही, ताई," घडीवाली म्हणाली आणि रिकामं भांडं घेऊन गेली.

थोरली बेसिनपाशीच राहिली. भोकाभोवती एक निळं कडं उरलं होतं. तिनं नळ सोडला. कडं जाईना. बोटानं घासलं, तेव्हा कुठे गेलं, आणि बोटाला लागलं.

हा निळा तिनं आधी एकदा पाहिला होता. बाबांच्या लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ती आईचं शिवणयंत्र आणायला त्या घरी गेली होती. तिला यंत्र नको होतं. ते तिथं राहायला नको होतं. घडीवालीनं 'बसा, चहा टाकते' म्हणून पाठ केली. केस वर बांधलेले. आणि तिच्या मानेवर, मागे, केस सुरू होतात त्याच्या खाली, चार बोटं उमटली होती. निळी. पाचवं, अंगठ्याचं, कानाच्या पाळीखाली. तिचं तिला ठाऊक नव्हतं. आधणाकडे बघत ती काहीतरी गुणगुणत होती.

थोरली चहा न पिता उठली. धाकट्याला तिनं सांगितलं, चहा पाणचट होता. नवऱ्याला सांगितलं, यंत्र जड होतं. मानेचं तिनं आजतागायत कुणाला सांगितलं नव्हतं. तो राग कुणावर आहे तेही तिला नीट कळलं नव्हतं. आईच्या अंगावर, आईच्या कपड्यांवर, तिनं उभ्या जन्मात रंगाचा एक ठिपका पाहिला नव्हता. इतकी स्वच्छ होती आई.

दुपारी 'या वयात कशाला' म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे तीच चार बोटं होती. म्हणजे ती न कळता बोलली नव्हती. चांगलं कळून बोलली होती.

रात्री सोबत कोण थांबणार यावरून पुन्हा वाजलं. सिस्टर म्हणाल्या, एकच. धाकटा म्हणाला, "ताई थांबेल, ती मुलगी आहे." घडीवाली चपला घालायला लागली. तेव्हा मास्तर भिंतीकडे तोंड करून पुटपुटले, "हिलाच राहू दे. हिला सवय आहे माझ्या घोरण्याची." मोठ्यानं नाहीच. पण पडद्यातून सगळं आरपार जातं. शेजारचा म्हातारा खोकला. थोरलीनं पिशवी उचलली आणि घरी गेली.

*

सकाळी त्यांना न्यायला ढकलगाडी आली तेव्हा धाकट्याची धावपळ चालली होती. तो वॉर्डबॉयला सांगत होता, सिस्टरना सांगत होता, लिफ्टला सांगत होता. अंगावर हिरवा झगा घालून मास्तर गाडीवर उताणे पडले होते. औषधांनी केस गेलेले, दाढी काढलेली, आणि हात पांढऱ्या चादरीवर. थोरली थबकली. हे हात कुणाचे, असं क्षणभर तिला वाटून गेलं. नखं गुलाबी होती. बोटांच्या पेरांवरच्या रेघासुद्धा घासून निघाल्या होत्या. कुठल्याही कारकुनाचे, रंगात कधी न बुडवलेल्या कुठल्याही माणसाचे हात.

फक्त डावी करंगळी निळी होती.

"ही राहिली की," थोरली म्हणाली.

"राहू दे म्हणाले," घडीवाली म्हणाली. रात्रभर बसून काढल्यानं तिचे डोळे सुजले होते.

"सगळीच धुतली तर कारखान्यात आत कोण घेईल?" मास्तर म्हणाले. विनोद नेहमीचाच होता.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर गाडी थांबली. दुहेरी दार, दाराला गोल काचा. सिस्टरनी सांगितलं, घड्याळ, दागिने, कपडे नातेवाइकांकडे द्या. मास्तरांचा पायजमा घडीवालीनं घेतला. त्यांचा हात धरून उभी होती, तो तिनं सोडला, आणि समोर थोरली नुसतीच उभी, गाडीच्या दांडीला धरून. नाही म्हणायला तिच्या दोन बोटांत झग्याच्या बाहीचं टोक होतं.

घडीवालीनं ते पाहिलं. तिच्या तोंडावर दया वगैरे काही नव्हती. मालात खोट दिसली की घडी विभागातली बाई बघते, तसं तिनं पाहिलं.

"बाही काय धरताय? हात धरा की. आता रंग नाही लागत."

थोरलीला सणसणीत काहीतरी उत्तर द्यायचं होतं. तेवढ्यात मास्तरांनीच हात थोडा पुढे केला, अगदी थोडा, नको असेल तर नको अशा बेतानं. तिनं तो धरला. हात खरखरीत होता, गरम होता, तिला वाटलं होतं त्याहून लहान होता. चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेल्या बाईला बापाचा हात केवढा आहे हे माहीत नसावं, ही काही कुणाला सांगायची गोष्ट नाही.

दार ढकलून डॉक्टरबाई बाहेर आल्या. डोक्याला टोपी, गळ्यात लोंबणारा मास्क.

"झोप लागली का?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

"लागली थोडी."

"बरं. कालचं विचारायचंय. काय ठरलं?"

"ठरलंय ना कालच," धाकटा म्हणाला. "सगळं काढायचं. आम्ही बोललोय आपसात."

आपसात कुणीच बोललं नव्हतं. मास्तर छताच्या दिव्याकडे बघत होते. त्यांचा हात थोरलीच्या हातात घामेजला, करंगळी एकदा हलली आणि थांबली. दोन पावलं मागे सरकून घडीवाली भिंतीशी उभी होती. पायजमा तिनं हनुवटीखाली दाबून धरला होता, दोन्ही हातांनी पाय जुळवत होती. घडी विभागात लांब कापड असंच धरतात. हनुवटीखाली कापड असलं की बोलता येत नाही.

डॉक्टरबाई आणखी थोडं थांबल्या. मग मास्क वर ओढायला त्यांनी हात नेला.

"थांबा," थोरली म्हणाली.

आवाज तिचा खिडकीतलाच होता, रुक्ष, समोरच्याच्या अंगावर जाणारा. दुसरा तिच्याकडे नव्हता.

"काल आम्ही तुम्हाला चुकीचं सांगितलं. बाबांचं बघायला ठेवलेल्या नाहीत त्या."

"ताई, आता हे काय इथं..."

"तू गप्प बस." तिनं धाकट्याकडे पाहिलं नाही. घडीवालीकडेही पाहिलं नाही. घडी अर्ध्यात थांबली होती, तेवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. बापाचा हात तिनं सोडला नाही.

"ही दोघं नवराबायको आहेत, डॉक्टर. नसांचं आम्हाला विचारू नका. त्यांना विचारा."